एक पाटा जास्तीचा

माझ्या पहिल्या गाडीचं पासिंग ७५० किलोचं होतं आणि पहिल्याच खेपेला मी तिच्यात ५४ कॅरेट भरले. टोमॅटोचं कॅरेट म्हणजे २० किलो, असं बोलायची पद्धत आहे. पण शेतकरी ते शीग लावून भरतो, बावीस किलो सहज बसतात, आणि रिकाम्या कॅरेटचं दोनेक किलो वजन कुणीच धरत नाही. म्हणजे झाले १३०० किलो. नारायणगावच्या बाजारातून गाडी बाहेर काढली तेव्हा हौदा मागच्या चाकांवर टेकल्यासारखा दिसत होता आणि स्टेअरिंग एका बोटानं फिरत होतं. मला वाटलं, नवी गाडी आहे म्हणून. ते स्टेअरिंग हलकं का लागत होतं हे समजायला मला पाच वर्षं लागली.

ही २००९ ची गोष्ट. टाटांनी २००५ मध्ये ही गाडी बाजारात आणली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती, सात फूट लांब नि पाच फूट रुंद हौदा. गाडी आणि माल मिळून वजन १५५० किलोच्या वर जाता कामा नये, हे आरसी बुकात स्पष्ट लिहिलेलं असतं. ते बुक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डात ठेवलं होतं आणि हप्ते फिटेपर्यंत त्यातलं वजनाचं पान काही वाचलं नव्हतं.

वाचलं असतं तरी त्या वेळी फरक पडला नसता. आमच्याकडे भाडं कॅरेटमागे ठरतं. डिझेल, टोल आणि माझा दिवस हे सगळं तीस कॅरेटला जेवढं लागतं जवळपास तेवढंच साठला लागतं. पासिंगप्रमाणे बसतात एकतीस, आणि त्या एकतीस कॅरेटचं भाडं जवळजवळ सगळं खर्चात जातं. बत्तिसाव्या कॅरेटपासून पुढे जे मिळतं ते घरी येतं. बाहेरचा माणूस म्हणतो, हे गाडीवाले लोभी आहेत. लोभ होताच, पण महिन्याच्या पाच तारखेला जाणारा हप्ताही होता. म्हणून ‘गाडीत जास्त कसं बसेल’ हा एकच प्रश्न पहिली काही वर्षं माझ्या डोक्यात होता आणि त्याचं उत्तर मी सगळ्यांसारखं पाटेवाल्या मिस्त्रीकडे शोधलं.

हायवेच्या कडेला त्या काकांची भट्टी होती. मोठ्या ट्रकचे जुने पाटे, म्हणजे हौद्याखाली भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, ढिगानं पडलेले असत. त्यातला एक ते निवडायचे, मापाला कापायचे, भट्टीत लाल करायचे आणि ऐरणीवर घण मारून त्याला गाडीच्या पाट्यांची कमान द्यायचे. कमान जुळली की नाही हे ते पाटा पाट्यावर ठेवून, मधल्या फटीतून उजेड दिसतो का ते बघून ठरवायचे. मग तेलात बुडवायचे. तेलाचा जो भपका उठायचा तो कपड्यांना दोन दिवस येत राहायचा. यू बोल्ट सोडून, सेंटर बोल्ट काढून नवा पाटा आत सरकवला, लांब यू बोल्ट लावले, दोन्ही बाजूंना मिळून तीन तासांचं काम. “आता बसायची नाही गाडी,” काका म्हणाले. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ५८ कॅरेट भरले तरी हौदा ताठ उभा. रस्त्यात कुणाला संशय येऊ नये इतका ताठ.

मी त्या दिवशी फार खूश होतो. ७५० किलोची गाडी मी दीड हजाराची केली, असं घरी सांगितलं.

पहिला हिशोब आला तो आडत्याकडून. गाळ्यावर माल उतरवताना त्यानं वरच्या थरातली चार कॅरेट बाजूला काढली आणि म्हणाला, “दादा, तुमच्याच गाडीचा माल असा का येतो?” टोमॅटोला डाग नव्हते, पण हाताला मऊ लागत होते, जिथं एकमेकांवर आपटले तिथं साल सैल झाली होती. पाटे ताठ झाले म्हणजे रस्त्याचा दणका पाट्यात मुरायचा थांबला आणि थेट हौद्यात आला. सगळ्यात वरचं कॅरेट सगळ्यात जास्त उडतं. पाटा जरा जाड घेतला तर जरा ताठ होईल असा आपला अंदाज असतो. पण पाटा दुप्पट जाड केला तर तो आठपट ताठ होतो. काकांनी ट्रकचा पाटा वापरला होता आणि तो माझ्या गाडीच्या पाट्यापेक्षा बराच जाड होता. भरलेली असताना गाडी त्यातल्या त्यात बरी चालायची. रिकामी परत येताना मात्र प्रत्येक गतिरोधकाला कॅरेट हौद्यात नाचायचे आणि माझी कंबर धरायची. ती अजूनही धरते.

मग दुखणं पुढे सरकत गेलं. पाटा वाकत नाही म्हटल्यावर भार खाली टायरवर गेला. टायरच्या बाजूवर त्यानं किती वजन, किती हवेवर पेलायचं ते छापलेलं असतं. आम्ही हवा वाढवायचो, म्हणजे टायर फुगलेला दिसायचा, पण हवा वाढवून टायरची ताकद छापलेल्या आकड्याच्या पुढे जात नाही. उन्हाळ्यात चाकणच्या पुढे एक फुटला. जास्त प्लायचे टायर टाकले, मग भार बेअरिंगवर गेला. खेडच्या जुन्या घाटात रात्री मागून भुंग्यासारखा आवाज यायला लागला. मी तो आधी टायरचा समजलो. थांबून चाकाच्या मध्यावर हात ठेवला तर चटका बसला. पुढे एका बेअरिंगवाल्यानं मला समजावलं की रोलर बेअरिंगवर भार दुप्पट केला तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, जवळजवळ दहाव्या हिश्शावर येतं. मी वर्षात तीन वेळा बेअरिंगं बदलली होती आणि प्रत्येक वेळी माल खराब म्हणून दुकानदाराशी भांडलो होतो. त्या दुकानदाराची चूक नव्हती. त्याच्यापुढे जाऊन तसं म्हणायला मला अजून जमलेलं नाही.

बेअरिंगनंतर चासी. एक दिवस गाडी धुताना मागच्या पाट्याच्या हँगरजवळ मला एक रेघ दिसली. केसाएवढी बारीक, लालसर, दीडेक इंच लांब. मी ती नखानं खरवडली, चिखल असेल म्हणून. चिखल निघाला आणि रेघ राहिली. आतून गंज बाहेर येत होता, म्हणजे पत्रा आरपार फाटला होता आणि फाटून काही दिवस झाले होते. वर्षभरापूर्वी जास्तीची जाळी बसवताना फॅब्रिकेशनवाल्यानं चासीच्या वरच्या कडेला दोन भोकं पाडून ठेवली होती, चीर बरोबर त्यातल्या एकातून निघाली होती. चासीच्या पट्टीची वरची आणि खालची कड ताण घेते, मधला उभा भाग त्या मानानं निवांत असतो. भोक पाडायचंच तर त्या मधल्या भागात, आणि कडेला कधीच नाही. हे मी त्या दिवशी शिकलो. शेजारच्यानं सांगितलं, वेल्डिंग मारून घे. मी मारून घेतलं. आठ महिन्यांनी वेल्डिंगच्या शेजारी नवी रेघ आली.

एवढं होऊनही मी थांबलो नाही, हे लिहिणं भाग आहे. मला वाटत होतं की गाडी लहान आहे, हाच सगळा घोळ आहे. म्हणून २०१४ मध्ये पिकअप घेतली, सव्वा टनाची, आणि पहिल्याच महिन्यात तिलाही पाटे चढवले.

माळशेजचा प्रसंग त्याच पावसाळ्यातला. कल्याणच्या बाजाराला पहाटे माल पोचवायचा असला की आम्ही आळेफाट्यावरून ओतूरमार्गे माळशेज घाट उतरतो. जुलैचा महिना, ढग रस्त्यावर उतरलेले, पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसला तर दिसला. हौद्यात ९० कॅरेट. घाटात पहिल्या दोन-तीन वळणांवर ब्रेक नेहमीसारखे लागले. मग पायाला पेडल वेगळं लागायला लागलं. खाली जात होतं, पण गाडी ऐकत नव्हती. करपलेल्या लायनरचा वास केबिनमध्ये आला. मी तिसऱ्यात होतो. दुसरा टाकताना गिअर किंचाळला, पण पडला. पुढच्या वळणाला डावीकडे, डोंगराच्या बाजूला, गटाराच्या कडेला रुंद जागा होती. तिथं चाकं गटारात घालून गाडी थांबवली. दरी उजवीकडे होती. ती मला धुक्यामुळे दिसली नाही, एवढंच.

पाठीमागून येणारा एक ट्रक थांबला. त्याचा ड्रायव्हर वयानं मोठा होता, मी त्याला मामा म्हटलं. मी बाटलीतलं पाणी पुढच्या चाकावर ओतायला निघालो, तर त्यानं हात धरला. लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर तडा जातो, वाट बघ म्हणाला. आम्ही पावसात तासभर बसून राहिलो. निघताना तो मागच्या चाकापाशी वाकला, ड्रमला हात लावला आणि हात तिथंच ठेवून म्हणाला, “मागचे तर गारच हायेत की रं.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढचे जळालेत आणि मागचे गार, हे कसं? दोन दिवसांनी ब्रेकच्या मिस्त्रीनं मला गाडीखाली नेलं आणि बॅटरी मारून एक सळई दाखवली. मागच्या एक्सलच्या हाऊसिंगवरून चासीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत जाणारी, करंगळीएवढी जाड. मी गाडीखाली शंभरदा गेलो असेन, ती सळई पाहिली असेल, पण ती कशाला आहे हे कधी विचारलं नव्हतं.

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. मागच्या ब्रेकला पूर्ण जोर दिला तर चाकं जाम होतात आणि गाडी फिरते. म्हणून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा जोर कमी करतो. माल भरला की हौदा खाली बसतो, हौदा आणि हाऊसिंग यांच्यातलं अंतर कमी होतं, सळई कलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जोर वाढवून देतो. गाडीत वजन किती आहे हे त्या व्हॉल्व्हला कळण्याचा एकच मार्ग आहे, हौदा किती बसला तो. आणि मी पाटे चढवून हौदा बसायचाच थांबवला होता. दोन टनांच्या वर माल घेऊन मी घाट उतरत होतो आणि माझी गाडी आपण रिकामी आहोत असं समजून मागचे ब्रेक जपून लावत होती. सगळा भार पुढच्या दोन चाकांनी पेलला आणि ती जळाली.

त्या गाडीखाली मी बराच वेळ पडून राहिलो. मिस्त्री चहाला गेला तरी उठलो नाही. पाटा चढवणाऱ्या काकांना हे माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि तालुक्यातल्या निम्म्या पिकअपना जास्तीचे पाटे होते. हौदा ताठ दिसतो म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. बसलेली गाडी निदान सांगते की मला जड होतंय. पाटे चढवून आम्ही तिचं तेवढं सांगणंसुद्धा बंद केलं होतं.

मी पाटे काढले. काढताना काकांना वाईट वाटलं, माझ्याकडून त्यांनी मजुरी घेतली नाही. ते दोन पाटे मी गावातल्या लोहाराकडे दिले. पाट्याचं पोलाद कोयत्याला चांगलं, हे कुणालाही माहीत असतं. त्यातले दोन कोयते अजून गोठ्यात आहेत.

आता प्रश्न उरला हप्त्याचा. पासिंगप्रमाणे माल भरायचा आणि तरी भागवायचं, हे कसं? मला यातलं पहिलं उत्तर शिकवलं ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या एका म्हाताऱ्या हमालानं. आबा म्हणायचे सगळे त्यांना. ते गाडी लांबून बघून सांगायचे, “नाक वर करून आलीया. मागं भरलंय तू.” मी कॅरेट फाळक्याकडून रचत यायचो, उतरवायला सोपं म्हणून. आबांचं म्हणणं, जड माल केबिनला चिकटवायचा, तळाला, आणि फाळक्याकडे हलकं. मी ते हमालाचं मत म्हणून ऐकून सोडून द्यायचो. पाटे काढल्यावर एकदा वहीत हिशोब मांडला. छोट्या हत्तीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सव्वादोन मीटरलाही थोडं कमी, २१०० मिलिमीटर. मागच्या एक्सलच्या पाठीमागे दोन फुटांवर २०० किलो ठेवले तर ते तराजूसारखं काम करतं. मागच्या चाकांवर २०० च्या ऐवजी २५८ येतात आणि पुढची चाकं ५८ किलोंनी उचलली जातात. तोच माल केबिनजवळ ठेवला तर त्याचा काही भार पुढचा एक्सल घेतो, जो नाहीतर निम्मा रिकामाच असतो. २००९ मध्ये एका बोटानं फिरणारं स्टेअरिंग मला तेव्हा समजलं. पुढची चाकं रस्त्याला नावापुरती टेकत होती. आबा तोवर गावी गेले होते, त्यांना सांगायचं राहिलं.

दुसरं उत्तर काट्यानं दिलं. तोवर मी भरलेली गाडी काट्यावर नेत होतो, आडत्याला पावती लागते म्हणून. एकदा सहज रिकामी नेली. आरसी बुकातलं रिकाम्या गाडीचं वजन आणि काट्यावरचं वजन यात १६० किलोंचा फरक निघाला. मी काट्यावाल्याला पुन्हा घ्यायला लावलं, तोच आकडा. मग घरी येऊन एकेक वस्तू काढून अंगणात मांडली. पुढचा लोखंडी गार्ड. मागचा गार्ड. केबिनवरचा कॅरियर. हौद्याच्या तळाला मूळ पत्र्यावर ठोकलेला जाड चेकर्ड पत्रा, जो मी ‘मजबुतीसाठी’ टाकला होता. दोन स्टेपन्या. हत्यारांची पेटी, तिच्यात तुटलेल्या सेंटर बोल्टांचा साठा. दोन ताडपत्र्या, त्यातली एक कायम ओली. जाड पाइपची जाळी. सीटमागे दोरखंड, साखळी, जुनी बॅटरी. हे सगळं मी रोज कल्याणला नेत होतो आणि परत आणत होतो, एक पैसा भाडं न घेता.

कायद्यानं एकूण वजनाला मर्यादा असते. गाडीचं स्वतःचं जेवढं कमी, तेवढा माल जास्त. मी १२० किलो काढले, म्हणजे पाच कॅरेट कुणाच्याही परवानगीशिवाय वाढले आणि मायलेजही थोडं सुधारलं. पाटेवाल्याकडे मी इतकी वर्षं जे विकत घेत होतो ते माझ्याच अंगणात पडलेलं होतं. गाडीवाल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना गार्ड काढणं सगळ्यात जड जातं. गार्डवर गाडीचं नाव असतं, देवाचं नाव असतं. मी देवाचं नाव काचेवर रंगवून घेतलं.

तिसरी गोष्ट समजायला मात्र खूप उशीर लागला, कारण ती गाडीत नव्हती. माल दोन जातींचा असतो. एका मालात वजन आधी भरतं आणि हौदा अर्धा रिकामा राहतो. टोमॅटो, कांदा, बटाटा त्यातले. दुसऱ्यात हौदा आधी भरतो आणि वजन उरतं. कोथिंबीर, मेथी, फुलं, चिवड्या-वेफर्सचे बॉक्स, रिकामे कॅरेट. मी गाडी पहिल्या जातीच्या मालासाठी ताणत होतो, आणि दुसऱ्या जातीच्या मालाकडे ‘हलकं भाडं’ म्हणून बघत नव्हतो. पिकअपला मी मग हलक्या पाइपची उंच जाळी करून घेतली, आरटीओकडे रीतसर नोंद करून. कारण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं गाडीत मनानं बदल करता येत नाही, आणि जुनी जाळी मी तशीच ठोकली होती. पहाटे टोमॅटो पासिंगएवढाच, वरच्या मोकळ्या जागेत पालेभाजीच्या जुड्या. त्यात एक शिकावं लागलं. दवात भिजलेली कोथिंबीर आणि दुपारची कोथिंबीर यांच्या वजनात फार अंतर असतं. पावसाळ्यात तर पालेभाजीतलं पाणीच आपण वाहतो. म्हणून पावसाळ्यात मी टोमॅटोचे चार कॅरेट कमी घेतो आणि पाण्याला जागा ठेवतो.

आणि परतीचं भाडं. कल्याणहून, वाशीहून, गुलटेकडीहून आम्ही सगळे रिकामे कॅरेट घेऊन परत यायचो. गाडीचा निम्मा रस्ता रिकामा जातो हे सगळ्यांना दिसतं, पण बाजारात माल उतरला की डोळ्यांवर झोप असते, परतीचं भाडं शोधायला अंगात बळ नसतं. मी आठवड्यातले तीन दिवस एका किराणा व्यापाऱ्याचा माल आणायला लागलो. रिकामे कॅरेट एकात एक बसणारे घेतले, म्हणजे त्यांची जागा तिसरा हिस्सा झाली आणि उरलेल्या जागेत बिस्किटांचे बॉक्स बसले. त्या तीन दिवसांच्या भाड्यानं पाटे काढल्याचा खड्डा भरून निघाला. लगेच नाही, चौदा महिन्यांनी. त्या चौदा महिन्यांत एक हप्ता थकला, बायकोनं बचत गटाचे पैसे काढून दिले. ती तेव्हा काही बोलली नाही. माळशेजचं मी तिला त्याच सुमारास सांगितलं होतं.

दंडाचं मी मुद्दाम शेवटी लिहितो, कारण दंडाच्या भीतीनं मी सुधारलो असं नाही. पूर्वी जादा वजनाला कायद्यात दोन हजार आणि वर टनामागे हजार असा दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीत तो २० हजार आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार झाला, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही असंही आलं. टोमॅटो रस्त्यावर उतरवून ठेवणं म्हणजे काय, हे बाजाराची वेळ ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. पण दंड परवडतो असं वाटणारी माणसं कायम असतात, मी त्यांच्यातलाच होतो. आमच्या भागातल्या एका पोराची गाडी उलटली, तेव्हा विम्याच्या माणसानं सगळ्यात आधी काट्याची पावती मागितली. पोरगं वाचलं. त्याच्या शेजारी बसलेला शेतकरी वाचला नाही, आपल्याच मालाबरोबर बाजाराला निघाला होता. माझ्याही शेजारी असे किती शेतकरी बसून आले, गप्पा मारत, मध्येच डुलकी काढत. त्यांना माझ्या सळईचं काय माहीत होतं?

२०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. एका हौद्यात लाख-सव्वा लाखाचा माल. त्या दिवसांत शेतकरी स्वतःच म्हणायचे, दादा, कमी भरा पण नीट न्या. ज्या मालाला मी वर्षानुवर्षं रचून, दाबून, उडवत नेलं, तोच माल लोक लेकरासारखा उचलून ठेवत होते. महिना-दोन महिन्यांत भाव पडला आणि पुन्हा शीग लावून कॅरेट यायला लागले. मी ते वरचं शीग हातानं काढून शेतकऱ्याच्या पाटीत टाकतो. काही जण रागावतात, काही दुसरी गाडी बघतात.

मागच्या महिन्यात एक पोरगा आला, नवी पिकअप घेतलेला, एकवीस-बावीस वर्षांचा. “काका, मागं किती पाटे टाकू? एक का दोन?” त्याला माझं नाव कुणीतरी पाटे जाणणारा म्हणून सांगितलं होतं. मी त्याच्या गाडीखाली गेलो, त्यालाही खाली बोलावलं आणि ती सळई दाखवली. तिला हात लावून हौदा वर-खाली झाला तर काय होतं ते सांगितलं. तो ऐकत होता, पण मधूनमधून मोबाइलकडे बघत होता. बाजारात माल तयार होता, त्याला घाई होती.

म्हटलं, आधी काट्यावर चल. रिकामीच. तो म्हणाला, रिकामी कशाला, पन्नास रुपये जातील. मी दिले पन्नास रुपये. गाडी काट्यावर चढवून आम्ही दोघं खाली उतरलो. आरसी बुक मी त्याच्याकडून मागून घेतलं आणि उघडून पानावर बोट ठेवलं. महिनाभराची गाडी, तरी ११० किलो जास्त भरली. तो आकडा त्यानं दोनदा वाचला, मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि गार्डपाशी थांबला. चांगला जाड पाइपचा होता, पिवळा रंग दिलेला, दोन्ही टोकांना लाल गोंडे.

काट्यावाल्यानं मागची गाडी आत घ्यायची म्हणून हाक मारली. पोरानं गाडी खाली उतरवून झाडाखाली लावली, सीटमागून पाना काढला आणि गार्डचा पहिला बोल्ट सैल करायला लागला.